मैफलीतील पडदा आणि श्रोत्याचे स्वातंत्र्य

आपल्या मराठीत माणूस नाटक पाहावयास जातो आणि गाणे ऐकावयास जातो. ‘आज रात्री गाण्याला बसायचे आहे,’ असे जुनी मंडळी म्हणत, तेव्हा त्या बसण्यात ऐकणे गृहीत असे. पाहणे आनुषंगिक होते. नाट्यगृहातला माणूस प्रेक्षक आणि मैफलीतला माणूस श्रोता, अशी दोन वेगळी नाती आपण मानीत आलो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मैफलीचे हे रूप पालटले आहे. मोठ्या समारोहाच्या मंडपात शिरताच आता प्रथम नजरेत भरतात ते रंगमंचाच्या दोन्ही अंगांना उभे केलेले प्रचंड प्रकाशमान पडदे. काही ठिकाणी तर कलावंतांच्या पाठीमागची संपूर्ण भिंतच पडद्याची असते. श्रोता नकळत प्रेक्षक होऊ लागला आहे. हे चांगले की वाईट, असा सरधोपट प्रश्न विचारून भागणार नाही. या पडद्याने कोणाला काय दिले, कोणाकडून काय घेतले, आणि या देवघेवीचा हिशेब कोणी ठेवला आहे काय, हे पाहणे अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाला अधिक सयुक्तिक वाटते.

या विचाराला निमित्त झाले ते एका घरगुती अनुभवाचे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका संगीत समारोहास प्रस्तुत लेखक आपल्या वडिलांना घेऊन गेला होता. वडील माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. जमिनीवरच्या बैठकीत बसणे आता त्यांना जमत नाही, म्हणून आम्ही मंडपाच्या अगदी मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. विलंबित ख्याल सुरू झाला. पडद्यावर गायिकेचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा दिसत होता. वडील बराच वेळ पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “अरे, पन्नास वर्षं स्वस्त तिकीट काढून मागच्या रांगेत बसलो. गाणाऱ्याचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला.”

या एका वाक्याने पडद्याविरुद्धचे माझे सगळे पूर्वग्रह डळमळले. परंतु त्याच रात्री, तासाभराने, दुसरा प्रसंग घडला. द्रुत त्रितालात तिहाई बांधली जात होती. वडिलांचा हात गुडघ्यावर ताल धरून चालला होता आणि नजर पडद्यावर खिळली होती. नेमक्या समेच्या क्षणी पडद्यावरून गायिका नाहीशी झाली आणि पहिल्या रांगेत येऊन स्थानापन्न होणारे कोणी प्रतिष्ठित पाहुणे दिसू लागले. त्यांच्या पाठोपाठ एका गृहप्रकल्पाची जाहिरात आली. सम येऊन गेली. पुढच्या रांगांतून दाद उठली. वडिलांचा हात मात्र गुडघ्यावर तसाच थांबला. पडद्याने जे दिले होते ते पडद्यानेच काढून घेतले होते. आणि हे घेण्यापूर्वी कोणी त्यांना विचारले नव्हते.

डोळ्यांचा वाटा

संगीत ही शुद्ध कानाची कला आहे, असा दावा करून या प्रश्नाची सोडवणूक होणार नाही, कारण तो दावाच खरा नाही. आपल्या मैफलीत गायकाच्या हाताची फेक, भुवयांची हालचाल, तबलजीशी होणारी नेत्रपल्लवी, समेवर येताना मानेला बसणारा हिसडा यांना अर्थ असतो. तान कोठे चालली आहे हे पुष्कळदा हात आधी सांगतो आणि गळा मागून सांगतो. पंडित भीमसेन जोशी यांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांच्या आठवणीत स्वरांइतकीच त्यांच्या देहाची ती झुंजही असते. मराठी संगीत रंगभूमीने तर डोळ्यांचे लाड पुरविण्यात कधी हात आखडता घेतला नाही. १८८०च्या ‘संगीत शाकुंतला’पासून रंगविलेले पडदे आणि पदे हातात हात घालून चालली, आणि बालगंधर्वांनी वेशभूषेवर आणि देखाव्यावर केलेला खर्च व त्यापायी गंधर्व नाटक मंडळीवर चढलेले कर्ज हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातला सर्वज्ञात अध्याय आहे. तेव्हा गाण्याशेजारी देखावा आला म्हणून ओरड करण्याचा अधिकार निदान मराठी रसिकाला तरी नाही.

पश्चिमेकडे हा वाद अधिक तीव्रतेने खेळला गेला. वाग्नर याने १८७६ साली बायरॉइट येथे स्वतःचे नाट्यगृह उघडले, तेव्हा वादक प्रेक्षकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून संपूर्ण वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खोलगट जागेत झाकून टाकला आणि प्रेक्षागृहात अंधार केला. वादकांच्या हालचालींनी लक्ष विचलित होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. उलटपक्षी रशियन संगीतकार स्क्रियाबिन याने १९१०च्या सुमारास रचलेल्या ‘प्रॉमिथियस’ या कृतीत वाद्यांच्या स्वरलेखनासोबत रंगीत प्रकाशासाठीही स्वतंत्र ओळ लिहिली. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये ती रंगांसह सादरही झाली. एकाने डोळ्यांसमोरचे काढून घेतले, दुसऱ्याने नवे काही ठेवले. परंतु दोघांनीही डोळ्यांना काय दिसावे याचा निर्णय संगीताच्या गरजेतून घेतला आणि तो संगीतकाराने स्वतः घेतला. आजच्या मंडपात हा निर्णय कोण घेतो, हे विचारण्यासारखे आहे.

दोन पडदे, दोन धर्म

याबाबतीत विचारांचा गोंधळ होतो तो दोन वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव देतो म्हणून. एक पडदा भिंगाचे काम करतो. रंगमंचावर जे प्रत्यक्ष घडत आहे तेच तो मोठे करून दूरच्या माणसाला दाखवितो. दुसरा पडदा देखाव्याचे काम करतो. रंगमंचावर जे नाही ते तो आणून उभे करतो: धबधबा, चंद्रोदय, उडणारे पक्षी, फिरणारी रंगवलये. पहिल्याचा संबंध अंतराशी आहे, दुसऱ्याचा कल्पनेशी.

देखाव्याच्या पडद्याचा उगम अमेरिकेतील १९६०च्या दशकातल्या तरुणांच्या संगीतात सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहांत काचेच्या बशीत तेल आणि रंगीत पाणी एकमेकांवर ओतून, ती बशी हलवीत, तिचे चित्र गायकांच्या मागे पाडले जाई. यासाठी वापरले जाणारे यंत्र म्हणजे आपण अध्यापक मंडळींनी वर्गात पारदर्शिका दाखविण्यासाठी वापरलेला तोच ‘ओव्हरहेड प्रोजेक्टर’. तेथून निघालेली वाट पिंक फ्लॉइडच्या १९८०-८१ मधील ‘द वॉल’च्या प्रयोगांपर्यंत आली. त्यात वादक आणि श्रोते यांच्यामध्ये खरीखुरी भिंत रचली जाई आणि तिच्यावर चलच्चित्रे पडत. पुढे २९ सप्टेंबर २०२३ रोजी लास व्हेगासमध्ये ‘स्फिअर’ नावाचे गोलाकार सभागृह उघडले. सुमारे २३० कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या या वास्तूत सुमारे १,६०,००० चौरस फुटांचा पडदा श्रोत्याला वरून आणि बाजूंनी वेढून टाकतो. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबई आणि अहमदाबाद येथे कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. अहमदाबादच्या क्रीडांगणात एकेका रात्री लाखाहून अधिक माणसे जमली. तेथे पडदे तर होतेच. शिवाय प्रत्येकाच्या मनगटावर दुरून नियंत्रित होणारे दिवे बांधून श्रोतृसमुदायालाच चित्र बनविण्यात आले होते.

अशा कार्यक्रमांना नाके मुरडण्याचे कारण नाही. लाखाच्या समुदायात पडदा नसेल तर गायक म्हणजे दूरवरचा एक हलता ठिपका. शिवाय त्या संगीतात देखावा हा रचनेचाच भाग म्हणून कल्पिलेला असतो. गीत, प्रकाश, चित्र आणि समुदाय मिळून तेथे एक उत्सव घडतो, आणि त्या उत्सवाला स्वतःचे कायदे आहेत. प्रश्न उद्भवतो तो त्या उत्सवाचे कायदे ख्यालाच्या, ठुमरीच्या किंवा भावगीताच्या मैफलीला जसेच्या तसे लागू केले जातात तेव्हा. ज्या गाण्यात पुढच्या क्षणी काय होणार हे स्वतः गायकालाही पूर्णपणे ठाऊक नसते, त्याच्यामागे आधीच तयार करून ठेवलेले चित्र चालविणे म्हणजे अजून न बोललेल्या वाक्याचा अर्थ आधी छापून ठेवण्यासारखे आहे.

डोळे कानांवर कुरघोडी करतात

‘चित्र आवडत नसेल तर डोळे मिटून घ्या,’ असा एक सल्ला नेहमी दिला जातो. तो तितका सोपा नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनी ‘बा’चा ऐकविला आणि त्याच वेळी चित्रात ओठांची हालचाल ‘गा’ची दाखविली, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. म्हणजे डोळा कानाला केवळ सोबत करीत नाही, तर कानाने काय ऐकावे यातही हस्तक्षेप करतो. २०१३ साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेने संगीत स्पर्धांतील ध्वनिचित्रफिती लोकांसमोर ठेवल्या. आवाज बंद करून नुसते चित्र पाहणाऱ्यांनी, नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा विजेते अधिक अचूक ओळखले. आणि यात जाणकार संगीतज्ञही अपवाद ठरले नाहीत. या निष्कर्षाची व्याप्ती किती मानावी याबद्दल पुढे काही संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, हे खरे. तरीही डोळा आणि कान यांच्या स्पर्धेत डोळा सहजासहजी हार मानीत नाही, एवढे आपण स्वतःच्या अनुभवावरूनही मान्य करू शकतो. रंगमंचापासून वीस-पंचवीस फुटांवर बसलो असताना, समोरचा जिवंत गायक सोडून बाजूच्या पडद्याकडे पाहत असल्याचे मी स्वतःला कितीदा तरी पकडले आहे. तेथे पडद्याची काही गरज नव्हती. तो अधिक मोठा होता, अधिक उजळ होता, हलत होता, बस्स, एवढेच.

यात भर पडते ती एका साध्या भौतिक अडचणीची. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मोकळ्या मैदानात रंगमंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानी तबल्याची थाप पोहोचेपर्यंत सुमारे ०.३ सेकंद जातो. पडद्याचा प्रकाश मात्र त्याला तत्क्षणी दिसतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा ०.२५ सेकंदाची असते. याचा अर्थ असा, की त्या माणसाला सम दिसते आधी आणि ऐकू येते मात्राभर उशिरा! मागच्या बाजूला ध्वनिवर्धक बसविले तरी, प्रतिध्वनीचा भास होऊ नये म्हणून तंत्रज्ञांना त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडावा लागतो. दुसरीकडे कॅमेऱ्यातील चित्र यंत्रांच्या साखळीतून पडद्यावर येईपर्यंत त्यालाही थोडा विलंब लागतो, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या माणसाला उलटा अनुभव येतो: थाप आधी, बोट मागून. चित्र किती रोखावे हे तंत्रज्ञ ठरवू शकतात. परंतु एकच पडदा सर्व अंतरांवरच्या माणसांना एकाच वेळी खरा वाटेल, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. ज्या संगीताचा प्राणच लयीत आहे त्याच्या बाबतीत ही तफावत क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अर्थकारणाची बाजू

आयोजकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्यावर कोणती दडपणे आहेत, हे अर्थशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगनिष्ठ कलांच्या अर्थकारणावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की कारखान्यात यंत्राने दर माणशी उत्पादन वाढते; परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी चार वादक आणि जितका वेळ लागे, तितकेच वादक आणि तितकाच वेळ आजही लागतो. इतर क्षेत्रांतील वेतने वाढत जातात, त्यांच्याबरोबर कलेचा खर्चही वाढतो. उत्पादकता मात्र वाढत नाही. ख्यालगायनाला हे तंतोतंत लागू आहे. विलंबित एकताल दुप्पट वेगाने गाऊन खर्च निम्मा करता येत नाही! मग उरतो एकच मार्ग: तोच खर्च अधिक श्रोत्यांत वाटणे.

या मार्गावर निसर्गाची एक मर्यादा होती. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मिसेस बिलिंग्टन या गायिकेचा दाखला देऊन म्हटले आहे, की मानवी आवाज जोवर मर्यादित लोकांपर्यंतच पोहोचतो, तोवर गायकाच्या प्राप्तीलाही मर्यादा राहणार. ध्वनिक्षेपकाने कानाची ती मर्यादा मोडली. तरीही डोळ्याची मर्यादा शिल्लक होती. मंडप एका मर्यादेपलीकडे वाढविला तर मागचे लोक कुरकुरत. पडद्याने तीही मर्यादा मोडली. याचे परिणाम काय होतात, ते शेरविन रोझेन यांनी १९८१ साली मांडले. एक कलावंत जेव्हा फारशा जादा खर्चावाचून अमर्याद लोकांपर्यंत पोहोचू शकतो, तेव्हा गुणांमधील थोड्याशा फरकातून प्राप्तीमध्ये प्रचंड फरक निर्माण होतो. सगळी गर्दी मोजक्या नावांकडे लोटते. मधल्या फळीतला, उत्तम परंतु प्रसिद्धीच्या झोतात नसलेला गायक मागे पडतो. आणि त्याला आजवर ज्यांनी जगविले ती गावोगावची संगीत मंडळे, देवळातले आणि वाड्यातले गाणे, शंभर-दीडशे श्रोत्यांच्या बैठका क्षीण होतात. तरुण गवई तयार होतात ते या बैठकांत, दहा हजारांच्या मंडपात नव्हे. मोठ्या समारोहाला पुढील पिढीचे कलावंत हवे असतील, तर ते येणार कोठून?

आणखी एक बाब. पडद्याचे भाडे हा स्थिर खर्च आहे. श्रोते शंभर असोत वा दहा हजार, तो बदलत नाही. हा खर्च भरून काढण्यासाठी प्रायोजक लागतो. प्रायोजकाला त्याचा मोबदला हवा असतो, आणि तो पडद्याच्याच रूपाने मागितला जातो. अशा रीतीने जी वस्तू मागच्या रांगेच्या सोयीसाठी आणली, तीच वस्तू तिचा खर्च भागविण्यासाठी मागच्या रांगेचे लक्ष विकू लागते. शिवाय एकदा भाडे भरले की पडदा रिकामा ठेवणे कोणाच्याही जिवावर येते. तो उजळलेला असलाच पाहिजे, त्यावर काहीतरी हललेच पाहिजे, असा एक अलिखित दंडक तयार होतो. गाण्यात विराम असतो. पडद्याला विराम ठाऊक नाही.

हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली एक मूलगामी विचार मांडला होता: माहितीची जेथे रेलचेल होते तेथे टंचाई होते ती लक्षाची. मैफलीतील खरी दुर्मिळ वस्तू ही तिकीट किंवा आसन नव्हे. ती आहे श्रोत्याचे अवधान. तंबोऱ्याच्या जवारीकडे लक्ष द्यावे की तबल्याच्या बायाँकडे, गायकाचा चेहरा पाहावा की डोळे मिटून घ्यावे, की शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडून नकळत निघालेल्या ‘वाहवा’ने सुखवावे, हे श्रोता आजवर स्वतः ठरवीत आला. मागच्या रांगेतील गरिबाला कमी दिसत असे. पण जे दिसे त्यातून तो स्वतः निवड करी. पडद्याने त्याला अधिक दाखविले, आणि निवड मात्र कोपऱ्यात यंत्रापाशी बसलेल्या, कदाचित गाण्याची ओळखही नसलेल्या एका माणसाच्या हाती सोपविली. कॅमेरा दर पाच-सात सेकंदांनी जागा बदलतो, कारण स्थिर चित्र कंटाळवाणे असते असे त्याला शिकविले गेले आहे. बडा ख्याल ऐकण्यासाठी लागते ती नेमकी याच्या उलट वृत्ती.

कल्पनेवरील अतिक्रमण

देखाव्याच्या पडद्याने होणारी हानी याहूनही सूक्ष्म आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. गदिमा आणि सुधीर फडके यांची ही छप्पन्न गीते वर्षभर घरोघर ऐकली गेली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, अशा आठवणी जुन्या पिढीकडून आजही ऐकावयास मिळतात. रेडिओत दिसण्यासारखे काहीच नव्हते. अयोध्या, पंचवटी, अशोकवन ही स्थळे प्रत्येक घराने आपापल्या मनात उभी केली. लाखो श्रोत्यांचे लाखो राम होते. आज अशा गीतांच्या कार्यक्रमांत गायकांच्या मागे पडद्यावर अरण्य दिसते, धनुष्य दिसते, सेतू बांधणारी वानरसेना दिसते. गीताने जे शब्दांतून आणि स्वरांतून सुचविले तेच चित्र उघड करून सांगते, आणि सगळ्यांना एकच राम पाहावा लागतो. तसाच प्रकार जुन्या चित्रगीतांच्या कार्यक्रमांत होतो. मागे मूळ चित्रपटातला प्रसंग चालू असतो आणि समोर उभी असलेली जिवंत गायिका पुन्हा एकदा पार्श्वगायिका होऊन बसते. श्रोते तिच्या गाण्याला दाद देतात की आपल्या तारुण्यातल्या त्या चित्रपटाच्या आठवणीला, हे तिलाही समजत नसेल.

हे विचार वर्गात बोलून दाखविले, तेव्हा एका विद्यार्थ्याने सरळ आक्षेप घेतला. “सर, पडदा नसता तर आम्ही आलोच नसतो. तुम्हाला राग ओळखता येतो. आम्हाला निदान कोण काय वाजवतोय ते तरी दिसतं.” हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. नवख्या श्रोत्याला चित्र हाताला धरून आत आणते, यात संशय नाही. सारंगीचा स्वर बोटांच्या नखांजवळ तार दाबून निघतो, हे पडद्यावर पाहिलेला मुलगा ती सारंगी अधिक कान देऊन ऐकेल. परंतु हाताला धरून आत आणणाऱ्याने कधीतरी हात सोडलाही पाहिजे. वर्गात फळ्यावर आकृती काढून आम्ही मागणीचा वक्र समजावतो. विद्यार्थ्याला विषय समजला असे आम्ही मानतो ते फळा पुसल्यावर.

काही व्यवहार्य सूचना

तेव्हा पडदे काढून टाका, अशी मागणी प्रस्तुत लेखक करणार नाही. मागच्या रांगेतील वृद्धाला पन्नास वर्षांनी दिसलेला चेहरा हिरावून घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. मागणी आहे ती पडद्याला मर्यादा घालून देण्याची. कलावंत रंगमंचावर बसल्यापासून उठेपर्यंत पडद्यावर जाहिरात, पाहुणे किंवा सूचना येणार नाही, एवढी अट प्रायोजकाशी होणाऱ्या करारात घालणे कोणत्याही आयोजकास अशक्य नाही. मध्यंतराचा वेळ प्रायोजकाला खुशाल द्यावा. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत पडद्याने भिंगाचेच काम करावे, देखाव्याचे करू नये. आणि तेही शक्यतो संपूर्ण मंच दाखविणारे, स्थिर चित्र ठेवून, म्हणजे कोठे पाहावयाचे हे पुन्हा श्रोता ठरवील. चित्र निवडणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी संगीताचा एखादा विद्यार्थी बसवावा. सम कोठे आहे हे ज्याला कळते तो समेवर कॅमेरा फिरविणार नाही. त्या विद्यार्थ्याला चार पैसे मिळतील, आणि मोठ्या कलावंतांचे गाणे जवळून ऐकण्याची संधीही मिळेल. देखावा हवाच असेल तर तो कलावंताच्या संमतीने आणि त्याच्या सहभागाने ठरावा. पाठीमागे काय दिसणार आहे हे ज्याला पाठ फिरविल्याखेरीज कळत नाही, त्याच्या कलेची ती सजावट नव्हे.

परंतु सर्वात महत्त्वाचे काम मंडपाबाहेरचे आहे. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ची चळवळ सुरू केली आणि श्रेष्ठ कलावंतांना विद्यार्थ्यांसमोर आणून बसविले. त्या धर्तीवर आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून दोन-तीन लहान बैठका भरविल्या, तर त्यास पडद्याच्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही खर्च येणार नाही. सतरंजी, दोन तंबोरे, शंभर विद्यार्थी आणि मधल्या फळीतला एखादा गुणी गवई, एवढी सामग्री पुरेशी आहे. तेथे गायकाचा चेहरा सर्वांनाच दिसतो आणि गायकालाही सर्वांचे चेहरे दिसतात. ही दुसरी गोष्ट कोणताही पडदा देऊ शकत नाही. मंडपात आपण गायकाला पाहतो. गायक मात्र दिव्यांच्या झोतापलीकडे अंधार पाहतो. कोणत्या जागेवर श्रोत्याचे डोळे ओलावले, कोठे त्याची मान हलली, हे कळले तर गाणारा तेथे आणखी थोडा रेंगाळतो. मैफल म्हणजे ही दुतर्फा देवघेव.

त्या समारोहानंतर वडिलांना अशाच एका लहान बैठकीस नेले होते. खुर्ची भिंतीलगत मांडली होती. गायक जेमतेम पंधरा फुटांवर होता. सम आली, वडिलांचा हात गुडघ्यावर पडला, आणि गायकाने त्यांच्याकडे पाहून मान हलविली. घरी परतताना ते गाण्याबद्दल फारसे बोलले नाहीत. “त्याने पाहिलं माझ्याकडे,” एवढेच दोनदा म्हणाले.